गाऱ्हाण्यातली कापलेली पट्टी

मी चौथी नापास. लिहिण्यातल्या चुका काढायच्या असतील त्यांनी आत्ताच पान उलटावं. भूत, चकवा, करणी — असलं सांगणाऱ्याला मी आयुष्यभर तोंडावर खोटारडा म्हटलंय, आजही म्हणतो. पण हे माझ्याच घशात घडलं, ते कसं नाकारू?

गोष्ट ऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराची. आमचं गाव खेडपासून आत, जगबुडी नदीच्या अंगाला. गावाचं गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा. शिमग्यात पालखी खळ्यात आली की मी देवीपुढे उभं राहून मागणं मागायचं, आणि एकेका मागण्याला गावाने 'होय महाराजा' म्हणायचं.

धाकटा भाऊ सुधाकर लोट्याला कंपनीत शिफ्टला. पगार सगळा यंत्रांत... ऑर्केस्ट्रावाल्याचा जुना कीबोर्ड, स्पूलचा टेपरेकॉर्डर. कंपनीतल्या कॉम्प्रेसरची घरघर टेप करून आणायची, ब्लेडने टेपची पट्टी कापायची, चिकटवायची, तेच तेच फिरवत ठेवायचं. ना गाणं, ना शब्द. याला म्हणे मुंबईत गिऱ्हाईक — कुठल्या तळघरात काळोख करून पोरं ऐकायची. मी म्हणायचो, "भाताच्या गिरणीत जाऊन बस की, फुकट मिळेल ऐकायला."

एका शिमग्यात त्याने माझं गाऱ्हाणं टेप केलं. वाटलं, भावाला अभिमान आहे. वैशाखात ऐकवलं तर काय — खाली कॉम्प्रेसर, वर गावाचं 'होय महाराजा... होय महाराजा...' माझा आवाज कुठेच नाही!

"माजं बोलणं कुठाय रे?"

"कापलं, दादा. बिस्किटाच्या डब्यात हायत पट्ट्या. मागणं नकोच मला, नुसता होकार हवा."

"मागणाऱ्याशिवाय होकार? देवीची थट्टा करतोस?"

"तू लय ओरडतोस, दादा. टेपवर आवाज फाटतो."

तिथपासून माझं गाऱ्हाणं बंद पडलं. पेरणीआधी शेतात देवाला हाक मारायला उभा राहिलो — ओठ हलले, आवाज नाही. बैल हाकायला आवाज होता, शिव्या घालायला तर होताच. गाऱ्हाण्याला तेवढा नाही. खेडच्या डॉक्टरने बॅटरी मारून बघितलं, म्हणाला घसा ठणठणीत. भावकीतला दत्ताराम दारात येऊन सुनावून गेला, "शिमग्याला जमलं नाय तर मान आमच्या घरात. मुका काय गाऱ्हाणं घालणार!"

दिवाळीत बायकोने सुधाकरला गाठलं. "भावोजी, त्या पट्ट्या परत जोडा."

"वहिनी, हीच टेप मुंबईचा माणूस बाजारात काढतोय. कंपनी सोडली मी तिच्यासाठी."

मी त्याला एका शब्दाने विचारलं नाही. का विचारू? मोठा मी.

शिमगा आला. भर दुपारी पालखी खळ्यात, सुधाकर मुंबईत. मी उभा राहिलो, तोंड उघडलं... काही नाही. दत्ताराम माझ्या हातचा गाऱ्हाण्याचा नारळ घ्यायला पुढे सरला, आणि आवाज फुटला. आवाज माझाच, पण बोलणारा मी नव्हतो.

"विठूतात्या अंथरुणाला खिळलाय, त्याला उठता कर महाराजा!"

"होय महाराजा!" गाव सवयीने म्हणालं. विठूतात्या श्रावणातच गेला होता. त्याचा मुलगा माझ्यासमोर उभा. मागणं गेल्या शिमग्याचं होतं!

सण सरल्यावर सुधाकर घरी आला. त्याच दुपारी त्याने मुंबईत पट्ट्या जागच्या जागी जोडून टेप वाजवली होती. पहिलीच पट्टी विठूतात्याची. मुंबईचा माणूस म्हणाला, असलं देवळातलं नको, आधीचं दे. "आधीचं आता नाय," म्हणून हा उठून आला.

"तुला सांगितलं कोणी होतं?" मी खेकसलो.

"तू नाय सांगितलंस," तो म्हणाला. "आयुष्यात सांगितलं नसतंस."

तो परत लोट्याची बस धरू लागला. माझा गाऱ्हाण्याचा आवाज परतला, मानही आमच्याच घरात राहिला. सुधाकरने टेपा करायच्या सोडल्या नाहीत, पण मुंबईने पुन्हा विचारलं नाही.

घशाचा आजार, मनाचा खेळ, योगायोग... शहाण्यांचं सगळं ऐकून झालंय. एकाचंही पटलेलं नाही. दर शिमग्याला शेवटचं मागणं मी सुधाकरच्या टेपांना यश दे असं मागतो. बाकी गाऱ्हाणं पार वेशीपर्यंत ऐकू जातं. त्या एका मागण्याला मात्र नुसते ओठ हलतात.

गाव तरीही म्हणतं, होय महाराजा.