एकशे चाळीस किलो वर्तमानपत्रं

माझी मुलगी नांदेडला इतिहासात पीएच.डी. करते. विषय कापसाच्या बाजाराचा. एकदा तिनं लॅपटॉपवर अमेरिकेतल्या एका गावाचं साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं वर्तमानपत्र दाखवलं. गाव आपल्या औशाएवढंही नसेल. तरी पानन् पान जपलेलं. कापसाचे भाव, हरवलेल्या गायीची जाहिरात, कुणाकडे पाहुणे आले, सगळं शोधलं की सापडतं. दोन अंक नाहीत, तर कोणते नाहीत तेही लिहून ठेवलंय. मला त्या नोंदीचंच जास्त कौतुक वाटलं.

"आता त्याच वर्षांचं लातूरचं साप्ताहिक पाहिजे, बाबा. सर म्हणालेत, दोन्हीकडचा पुरावा आणा, नाहीतर प्रकरण गाळा."

"त्यात काय! आमच्या वाचनालयात बांधलेले खंड आहेत," मी ऐटीत म्हणालो. नांदेडला बदली होण्याआधी सहा वर्षं मी तिथल्या समितीवर होतो.

आम्ही दोघं लातूरला गेलो. खंडांच्या कपाटांच्या जागी काचेचं शोकेस होतं. आत अध्यक्षांच्या सत्काराच्या शाली आणि फोटो. इतिहासाचा अभिमान आम्ही असा काचेत ठेवतो, रोज पुसतोसुद्धा.

"निर्लेखन झालं की त्याचं," ग्रंथपाल म्हणाले. निर्लेखन म्हणजे निकामी ठरवून विकणं. "एकदम रीतसर केलंय सर. न्हाई तर ऑडिटवाले सोडतेत व्हय?"

त्यांनी रजिस्टर उघडलं. 'जुनी वर्तमानपत्रे, १४० किलो.' शेजारी वजनकाट्याची पावती चिकटवलेली. कोणतं पत्र, कोणती वर्षं, एक अक्षर नाही. गुळाच्या ढेपेची नोंद याहून बरी होते.

"कोणत्या शहाण्यांनी हा ठराव केला?"

त्यांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. "पाच सह्या हायत सर. तिसरी तुमची."

सही माझीच होती, ठसठशीत. त्या बैठकीतला चहा आठवला, ठराव आठवेना.

मुलीनं मोबाइलवर त्या पानाचा फोटो काढला. परतीच्या बसमध्ये अहमदपूरपर्यंत ती तो फोटो मोठा करून सह्या वाचत होती. मग म्हणाली, "प्रकरण गळालंच. पण का गळालं, ते प्रस्तावनेत लिहिणार. हे पान जोडते. खाली तुम्ही सही करा, माजी सदस्य म्हणून. तिकडं नसलेल्या दोन अंकांची नोंद आहे, इथं सगळ्यांचीच होऊ द्या."

घरी तिनं त्या मजकुराची छापील प्रत पुढं ठेवली. मी चष्मा लावला आणि सही केली. ही मात्र वाचून केली.