तलंगीच्या शेपटीचा कोंबडा

पहिली चुकलेली गोष्ट अगदी छोटी होती. खुराड्याच्या कडीत मी रोज खिळा अडकवते. त्या सकाळी तिथे आंब्याची काडी होती. पण थांबा! एवढ्यावरून मी का किंचाळले आणि तरी कुणी फोन का उचलला नाही, हे कळायला आधीचे किस्से ऐकावे लागतील. खुराडा कितीही झाडा, संध्याकाळी पुन्हा पिसं पडलेलीच. आमच्या किस्स्यांचं तसंच आहे.

ग्रुप तिघांचाच. नाटे गावचे तांडेलकाका, जहाजावरून रिटायर झालेले. रत्नागिरीत ब्लाउज शिवणारी शमाताई. आणि बी.एस्सी. होऊन मालगुंडजवळ घरी बसलेली मी. तिघांना वेड एकच: कबुतराहून जेमतेम मोठी बँटम कोंबडी, जिच्या प्रत्येक पांढऱ्या पिसाला काळा काठ हवा. प्रत्येक! काठ तुटला की पुन्हा जोडी लावा, पुन्हा अंडी, पुन्हा एकवीस दिवस.

* * *

काकांकडून मी पहिल्यांदा चार पक्षी आणले. महिन्याभराने त्यातली एक 'कोंबडी' चक्क आरवली! कोंबडी आरवणं अशुभ, म्हणून आई देवासमोर दिवा लावायला धावली आणि मी फोनकडे.

"काका, कोंबडी आरवली हो!"

"अगो, तो कोंबडाच हाय! ह्या जातीत कोंबड्याला लांब शेपूट नाय येत; तलंगीसारखं, कोवळ्या कोंबडीसारखंच आखूड ऱ्हातं. नवरा-बायको एकाच ताग्यातलं शिवतात!"

* * *

शमाताई पक्षी तपासते तो शिवणयंत्राच्या दिव्याखाली. चष्मा नाकावर, एकेक पीस बोटाने उलटत. माझा वर्षभराच्या मेहनतीचा कोंबडा तिने एका मिनिटात परत केला.

"मान छान, पाठ छान. पोटाला पिको करायचा राहिलाय!"

* * *

एका दुपारी खुराडाभर पिसंच पिसं. मुंगूस! मी सात जणांना फोन केले. काका एसटी बदलत नाट्याहून काठी घेऊन आले. कोपऱ्यात कोंबडा उघड्या मानेने, शरमल्यासारखा उभा. जखम नाही, काही नाही. पिसं गळायचा हंगाम!

काका आमटी-भात जेवले. हात धुताना म्हणाले, "कपडे बदलत होता तो. तू दार वाजवायला हवं होतंस."

जाताना नियमही घालून गेले: यापुढे रक्त दिसलं तरच फोन करायचा.

* * *

दापोलीच्या प्रदर्शनाआधी शमाताईने कोंबडी शाम्पूने धुतली. पांढरा खुलावा म्हणून पाण्यात नीळ घातली. जरा जास्त घातली!

परीक्षक पिंजऱ्यापुढे थबकले. "ही निळी जात कुठली?"

काका पापणी न लववता म्हणाले, "समुद्राकाठची."

* * *

आणि मग इरकल झाला; काठाच्या इरकली लुगड्यावरून ठेवलेलं नाव. तीन पिढ्यांनंतर मानेपासून शेपटीपर्यंत अखंड काठाचा पहिला कोंबडा! शमाताईने दिव्याखाली दोनदा उलटापालटा करून नुसतं "दोरा तोड आता" म्हटलं आणि डोळे पुसले. यंदाचं प्रदर्शन आठ दिवसांवर होतं. असा दुसरा पक्षी आमच्या तिघांकडेही नव्हता.

तर ती आंब्याची काडी. आत कोंबड्या होत्या, इरकल नव्हता. पडवीत आले तर टोपलीखाली गावठी कोंबडा निवांत तांदूळ टिपत होता. मी किंचाळले. आज राखण! सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावरच्या, राखणदार देवाला गाव कोंबडा देतं, आणि आमच्या घरचा म्हणून बाबांनी हाच गावठी आणून ठेवला होता.

"आई, राखणीला कोंबडा कुणी नेला?"

"आप्पाभावजींनी. काल रात्रीच मुंबईहून आले ना, त्यांना काय ठाऊक! पहाटेच्या काळोखात हाताला लागला तो पिशवीत घातला असेल."

बाबा पुढे गेलेले; आता धावूनही गाठणं शक्य नव्हतं, आणि फोन लागेना. सड्यावर रेंज नाहीच. ती आमच्या बेड्यापाशी येते, म्हणजे फाटकाशी. तांडेलकाकांनी फोन उचलला नाही, शमाताईने कापून ग्रुपवर मेसेज टाकला: "रक्त दिसलं का?" मी सगळं लिहिलं. उत्तर काकांचं आलं: "देवाला तलंग चालत नाय. गावकरी शेपूट बघतील, तलंग समजून परत पाठवतील. फक्त तो आरवता कामा नये!"

इरकल दर दहा मिनिटांनी आरवायचा.

आयुष्यात पहिल्यांदा मी देवाकडे कोंबड्याचं मौन मागितलं. मग आप्पाकाकांना फोन. संपर्क क्षेत्राबाहेर. पुन्हा. पुन्हा. अकराव्यांदा रिंग वाजली. उचलला!

"अगो मीनल, कोंबडा म्हणून तलंग ठेवलीत काय? सगळा गाव हसला मला! बदलून आण म्हणाले. हा आत्ता बेड्यात उभा आहे, जीव गेला चढ-उतार करून..."

आणि तेवढ्यात इरकल आरवला. फोनमधूनही, बेड्याकडूनही.