चालेल तोच डबा

भिमाजी सांगळे यांना झुरळांची किळस नव्हती. झुरळ आपलं काम करतं. किळस होती ती डब्याच्या मालकाची. हौसेने व्हिडिओ गेमचा डबा आणायचा, त्यावर चहा सांडायचा, बोटांचा मळ बटणांत साचू द्यायचा, आणि बंद पडला की उघडूनही न बघता भंगारात द्यायचा.

भद्रकालीतल्या इनायतभाईच्या भंगाराच्या दुकानात ते पहिल्यांदा गेले ते एक जुना पाना शोधायला. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून फिटर म्हणून निवृत्त होऊन फार दिवस झाले नव्हते. इनायतभाई हातोड्याने एक काळा डबा फोडायच्या बेतात होता. टीव्हीला जोडून खेळायचा गेम.

"उघडून बघितला का?"

"काका, भंगार उघडत नसतात. तोलत असतात."

भिमाजींनी तो डबा घरी आणला आणि ओट्यावर वर्तमानपत्र पसरून उघडला. आत झुरळांची अंडी, लेंड्या, केसांचा गुंता, आणि हवेच्या फटीतून कोंबलेली गुटख्याची पुडी. बायकोने, गोजराबाईने, नाकाला पदर लावला.

"जन्मभर राखेत लोळलात, आता ह्या घाणीत लोळा."

जुन्या टूथब्रशने, स्पिरिटने भिमाजींनी तो डबा आतून घासला. पंख्याची तुटलेली तार सोल्डर मारून जोडली. डबा सुरू झाला. कोणाच्या तरी आळसापायी हे धडधाकट यंत्र हातोड्याखाली गेलं असतं, या विचाराची त्यांना किळस आली, अंड्यांची आली नव्हती.

तिथून ते वेड लागलंच. मनमाड, मालेगाव, जिथे जुना बाजार तिथे भिमाजी. एका जातीचा एकच डबा ठेवायचा, आणि चालेल तोच. खेळणं त्यांना जमलं नाही; गेममधली त्यांची गाडी पहिल्याच वळणावर नाल्यात जायची. गाडी नाल्यात गेली म्हणजे डबा चालतो, एवढं त्यांना पुरे होतं. पुढची खोली मांडण्यांनी भरली.

"पाहुण्याला टेकायला जागा नाय, आन् डब्यांची मात्र सोय," गोजराबाई येईल-जाईल त्याला ऐकवायची.

खंडेनवमीला मात्र तीच हळद-कुंकू कालवून द्यायची. वीज केंद्रात असल्यापासून भिमाजींचा नेम होता: पूजा चालत्या यंत्राची. बंद यंत्राला कुंकू लावणं म्हणजे देवाला फसवणं. ते एकेक डबा सुरू करून बघत आणि मगच त्याला बोट लावत. पांढऱ्या प्लास्टिकमध्ये हळद मुरायची, ती मग निघायची नाही.

त्यांचा भाचा सुनील कार्यक्रम भरवण्याचा धंदा करायचा. दहा-बारा वर्षांनी एकदा तो घरी आला, मांडण्या बघून थबकला आणि म्हणाला, "मामा, हा विक्रम होईल. एक संस्था अशा नोंदी करते. पुस्तकात नाव छापून येतं."

हे मात्र भिमाजींच्या मनात भरलं. उभ्या नोकरीत त्यांनी टर्बाइनं उघडली, पुन्हा जोडली. पेपरात नावं यायची ती फीत कापणाऱ्यांची. त्यांचं नाव पाळीच्या फळ्यावर खडूने लिहिलं जायचं आणि पाळी संपली की पुसलं जायचं. आपण केलेल्या कामाखाली आपलं पूर्ण नाव एकदा छापलेलं बघावं, एवढी एकच हाव त्यांच्यात उरली होती. ते हो म्हणाले.

पंचवटीतल्या एका मंगल कार्यालयात सुनीलने टेबलं मांडली. कार्यक्रमाच्या सकाळी भिमाजी गोजराबाईला घेऊन पोचले तर पहिल्या दोन रांगांत अनोळखी डबे चकाकत होते. एक उचलला. हाताला वजनच लागेना. आत एक सुटा स्क्रू खुळखुळला.

"हे काय रे?"

"मामा, आकडा कमी पडत होता. भंगारातनंच आणले, पॉलिश मारून. चालू करून कोण बघतंय? आणि तुमच्या डब्यांवरचे ते पिवळे डाग फोटोत घाण दिसतात, म्हणून ते मागं ठेवले."

डब्याला पॉलिशचा गोड वास येत होता. भिमाजींच्या हातांनी किती सडका माल साफ केला होता, पण अशी किळस कधी आली नव्हती.

तेवढ्यात संस्थेचा साक्षीदार आला. गळ्यात टाय, हातात मोजायचं यंत्र. पहिल्या टेबलापासून अंगठा टिकटिकू लागला. गप्प बसलं की नाव छापून येणार होतं. भिमाजी साक्षीदाराच्या आडवे आले.

"साहेब, हळद-कुंकू बघून मोजा. ज्याला कुंकू नाय, त्यो डबा पोकळ हाय."

"मामा!" सुनील कुजबुजला. "तोंड आवरा की."

"काका, डबा चालूच हवा असं आमच्या नियमात नाही," साक्षीदार म्हणाला.

"माझ्यात हाय."

त्यांनी पोकळ डबे स्वतः उचलून पायरीवर नेऊन टाकले. मोजणी पुन्हा झाली. आकडा विक्रमाच्या खाली राहिला. सुनीलने साक्षीदाराला कोपऱ्यात नेलं. दोघे हसतच परत आले.

"काका, वय किती तुमचं?"

"बहात्तर."

"मग झालंच की! राज्यातले सर्वांत वयस्कर गेम संग्राहक. त्या विभागात अजून कोणीच नाही."

सुनीलने टाळ्या पिटल्या, तशा जमलेल्यांनीही पिटल्या. कोपऱ्यातल्या छपाईच्या यंत्रातून प्रमाणपत्र बाहेर आलं. सोनेरी अक्षरांत 'भिमाजी पुंजाराम सांगळे'. काना-मात्रेची चूक नाही. भिमाजींनी ते दोनदा वाचलं.

"घ्या की," गोजराबाई हळूच म्हणाली. "नाव तर आलं."

"म्हातारं व्हायला काय करावं लागतं गं? खाटेवर पडून राहिलं तरी माणूस म्हातारा होतो." ते साक्षीदाराकडे वळले. "नाव खोडा."

"अहो, छापून झालंय."

"मग दुसऱ्याला द्या. खाली घाटावर माझ्याहून म्हातारे रग्गड बसलेत."

लोक हसले. साक्षीदारही हसला, पण हात हलवेना. भिमाजींनी त्याच्या खिशातलं पेन काढून घेतलं, कागद टेबलावर सपाट केला आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, मध्ये कुठेही फट न ठेवता, आपलं नाव खोडलं.