शाळेतलं दळण

लॉकडाऊनच्या त्या उन्हाळ्यात आमच्या गावात एकच चक्की होती, आणि ती मी चालवत होते. नवरा लोणारला एका दुकानात कामाला होता. ते दुकान बंद पडल्यापासून तो घरीच होता, पण चक्कीला हात लावायची त्याला सवय नव्हती. दहा वर्षं ती माझ्याच हातात होती.

गावकऱ्यांनी सुलतानपूरच्या रस्त्यावर बाभळीच्या काट्या टाकल्या होत्या. बाहेरचा आत नाही, आतला बाहेर नाही. माझ्या चक्कीपुढे चुन्याचे गोल आखले होते. त्या गोलांत लोक आपापले डबे ठेवत आणि स्वतः लिंबाखाली एकमेकांना खेटून बसत. अंतर काय ते डब्यांनी पाळलं.

अशात पुण्याहून एक जोडपं आलं, पाच-सहा वर्षांच्या मुलीला घेऊन. माणूस आमच्याच गावचा, तिकडे फरशी बसवायचं काम करणारा. काम थांबलं, तसं थोडं ट्रकमधून, थोडं पायी करत ते गावापर्यंत पोचले. काट्यांजवळ त्यांना भर उन्हात ताटकळत ठेवलं. शेवटी सरपंचांनी चौदा दिवस शाळेत राहायच्या अटीवर आत घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्याचा थोरला भाऊ गव्हाची पिशवी घेऊन चक्कीवर आला. डब्यांपासून लांब ठेवून म्हणाला, "वहिनी, शाळेतल्यांचं दयण हाय. मी त्याले घरी नेलं असतं, पण घरात म्हातारी माय हाय." तो माझ्याकडे बघत नव्हता.

लिंबाखालून आमच्या गल्लीतले एक वयस्क शेतकरी उठले. मोठी शेती, गावात शब्दाला वजन. मी त्यांना मामाजी म्हणायची. ते म्हणाले, "सूनबाई, हे दयण इथं दयलं तर आम्ही आमचे डबे उचलतो."

"उचला," मी म्हटलं. "पण मामाजी, दुसरी चक्की सुलतानपूरले हाय. रस्त्यावर काट्या तर तुम्हीच टाकल्या."

कुणीतरी रुमालात हसलं. मामाजी हसले नाहीत. डबा उचलून निघून गेले, आणि त्यांच्यामागे बाकीचेही.

त्यांची भीती अगदीच खोटी नव्हती. चक्कीत आधीच्याचं थोडं पीठ राहतंच, ते पुढच्याच्या डब्यात उतरतं. हे मला त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. शाळेतली पोर उपाशी ठेवायची नाही एवढं माझं ठरलं होतं. कसं करायचं ते मात्र सुचत नव्हतं.

दुपारी मी सासऱ्यांना सगळं सांगितलं. त्यांना दम्याचा त्रास होता, म्हणून त्यांना विचारल्याशिवाय काही करायचं नव्हतं. ते म्हणाले, "त्यांचं दयण दिवसाच्या शेवटी घे. त्याच्या मागून आपली ज्वारी दय. गावाचं दुसऱ्या दिवशी. मंग कोन काय बोलन?"

म्हणजे त्यांच्यामागचं पीठ आमच्याच ताटात. मी विचारलं, "तुम्हाले भेव नाही वाटत?"

"वाटते ना. पण भाकर तव्यावर भाजल्याबिगर खातो काय आपण?"

त्या दिवशी तसंच केलं. आधी त्यांचा गहू, मग आमची ज्वारी. पिठाची पिशवी घेऊन मी शाळेत गेले. त्या फरशीवाल्याची बायको ती घ्यायला पुढे आली आणि मी दोन पावलं मागे सरले. पिशवी पायरीवर ठेवली. ती जागीच थांबली, आणि मी फाटकापर्यंत जाईस्तोवर तिने पिशवीला हात लावला नाही. चार माणसांपुढे मोठं बोलणारी मी, तिथे अशी वागले. तिच्याशिवाय कुणी पाहिलं नव्हतं, पण मला फार वाईट वाटलं. पुढच्या खेपेला मी लांब का होईना, पायरीवर बसले. ती वाटेतलं सगळं सांगत राहिली, आणि मी अंधार पडायच्या आत घरी जायचं विसरले.

दोन दिवस चक्कीवर कुणी फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी बायका आल्या, पुरुषांना न विचारता. एकीने जुनं जातं काढून पाहिलं होतं, तिचा खांदा भरून आला होता. आमच्या घरी सगळे धडधाकट आहेत का, हे त्यांनी आधी विचारलं. सासरे ओट्यावर बसून भाकर खात होते. मी नुसतं तिकडे बोट दाखवलं.

चौदा दिवसांनी ते कुटुंब शाळेतून भावाच्या घरी गेलं. मग सुरतेहून, मुंबईहून आणखी लोक येत गेले. सरपंचांनीच दवंडी दिली, की शाळेतलं दळण संध्याकाळी, सगळ्यांच्या शेवटी.

महिनाभराने एका संध्याकाळी मामाजी डबा घेऊन आले. त्यांचा मुलगा मुंबईहून येऊन शाळेत होता. डबा ठेवून ते लांब उभे राहिले. मला बोलायला पुष्कळ सुचलं होतं. पण त्यांचा रुमाल तोंडावरून सारखा घसरत होता आणि ते तो पुन्हा पुन्हा वर ओढत होते.

"बारीक दय, सूनबाई," ते म्हणाले. "त्याले जाडं चालत नाही."

मी दगड जरा आवळून घेतला आणि चक्की सुरू केली.