'कोण बोललं' हा रकाना

आमच्या रुग्णालयात एखादी केस बिघडली की आठवड्याभरात आढावा बैठक होते. डॉक्टर, सिस्टर एका टेबलाशी बसून काय चुकलं ते सांगतात. गुणवत्ता विभाग माझ्याकडे, म्हणून इतिवृत्तही मीच लिहिते. मला रकाने आवडतात. मुद्दा, उपाय, मुदत यांच्याबरोबर 'कोण बोललं' असाही रकाना मी आखला होता. दुसऱ्या दिवशी ते रजिस्टर सह्यांसाठी सगळ्या विभागांत फिरायचं.

मागच्या हिवाळ्यात एका दुपारी शस्त्रक्रिया झालेल्या पेशंटचं बीपी उतरायला लागलं. वॉर्डातल्या सिस्टरने सर्जनना तीनदा फोन केला, तो उचलला गेला नाही. दुसरे डॉक्टर मिळेपर्यंत पाऊण तास गेला. पेशंट आयसीयूत राहून बरा झाला. बैठकीला सर्जन नव्हते. सिस्टरने सगळं वेळांसकट सांगितलं आणि मी तिच्या नावासकट लिहिलं.

सही करताना सर्जननी ते वाचलं. बदनामीची नोटीस पाठवतो, असं वॉर्डात सगळ्यांसमोर तिला सुनावलं. तिचा करार महिन्याभरात संपत होता. नव्या करारासाठी विभागप्रमुखाची शिफारस लागते, आणि विभागप्रमुख तेच.

आमचं रुग्णालय हिंदी मुलखात आहे; ती जवळच्या पनागरहून येते, पण मूळची माझ्यासारखीच विदर्भातली. माझ्या खोलीत येऊन तिने दार लावलं.

"ताई, तुम्हीच तं सांगत होत्या, इथं मोकळं बोला. मग माझं नाव काहून लिहिलं?"

मी तिला बसवलं आणि कागद ओढून करायच्या कामांची यादी सुरू केली.

"आता हे बी लिहून राहिल्या का?" ती म्हणाली. दोघी हसलो, ती जरा कमी.

रुग्णालयाच्या कायदा सल्लागारांनी स्पष्ट सांगितलं: काही देशांत अशा बैठकीत बोलणाऱ्याला खास कायद्याचं संरक्षण असतं, आपल्याकडे तसा कायदा नाही. पण चांगल्या हेतूने, योग्य ठिकाणी केलेली तक्रार बदनामीत बसत नाही. नोटिशीची भीती नको. नोकरीचं मात्र रुग्णालयालाच बघावं लागेल. वर म्हणाले, "और रजिस्टर घुमाना बंद कीजिए मैडम. आधा झगड़ा वहीं है."

मी एकपानी नियम लिहून संचालकांकडे नेला. खरेपणाने बोलणाऱ्यावर कारवाई नाही. नाव लिहायचं नाही, रजिस्टर खोलीबाहेर जाणार नाही. केसपेपर जसाच्या तसा राहील आणि नातेवाइकांनी मागितला तर मिळेल. हा नियम लपवाछपवीसाठी नाही. ज्या वरिष्ठाशी वाद आहे, त्याच्याऐवजी दुसऱ्याने शिफारस करायची. शेवटची ओळ त्यांनी दोनदा वाचली, मग सही केली.

सर्जनकडे मी स्वतः गेले आणि नाव लिहिण्याची चूक माझी, हे सांगितलं. पुढच्या बैठकीला ते आले. तिथे त्यांनी सांगितलं, त्या दुपारी ते दुसऱ्या शस्त्रक्रियेत होते, मोबाइल कपडे बदलायच्या खोलीत वाजत होता. हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

समोर बसलेल्या त्याच सिस्टरने विचारलं, "तो सर, ओटी के लैंडलाइन पे करूँ?"

"वो भी कोई नहीं उठाता," ते म्हणाले, आणि टेबलाभोवती हशा पिकला.

सर्जन आत असताना वॉर्डाचा फोन दुसऱ्या कोणत्या डॉक्टरांनी घ्यायचा, हे त्याच बैठकीत ठरलं. नोटीस आली नाही. सिस्टरचा करार वर्षभरासाठी झाला. वॉर्डातल्या फळ्यावर त्या डॉक्टरांचा नंबर तिने स्वतः मोठ्या अक्षरांत लिहिला.