सवलतीतलं सॉफ्टवेअर आणि मायचं गोंदण

शहागंजात आमचा छोटा फोटो स्टुडिओ आहे. पुढं काउंटरवर हे बसतात आणि मागं पडद्याआड कॉम्प्युटरवर मी. गिऱ्हाइकाशी बोलायचं म्हटलं की माझी जीभ जड होते, म्हणून मला ती जागा बरी वाटते. मी चौथीपर्यंत शिकले. इंग्रजी येत नाही, पण फोटो साफ करायच्या सॉफ्टवेअरमधली चित्रं ओळखते. कात्री कुठं, ब्रश कुठं, हे हाताला पाठ आहे.

यंदा दिवाळीच्या तोंडावर स्क्रीनवर लाल पट्टी येऊ लागली. नवं सॉफ्टवेअर पाडव्यापर्यंत निम्म्या किमतीत. निम्मी असली तरी ती रक्कम दुकानाच्या महिन्याच्या भाड्याएवढी होती. हे रोज पट्टी वाचायचे आणि म्हणायचे, "घ्यावं का गं? पाडव्यानंतर डबल लागतील."

मला पैशाशिवाय दुसरीही धास्ती होती. नव्यात माझी कात्री जागेवर असेल का? पण ते करतं काय, हे बघायची ओढही होती. थोडे दिवस फुकट वापरता येतं असं कळलं, तेव्हा मीच म्हणाले, "आधी बघू तरी."

ते कॉम्प्युटरवर घेतलं त्याच दिवशी पिशोरहून एक बाई आली. तिची आई वारली होती. परवा तेरवी, हार घालायला मोठा फोटो हवा होता. आईचा फोटो एकच, कुणाच्या तरी लग्नातला. मागच्या रांगेत उभी, चेहरा पुसट.

मी तो चेहरा नव्यात टाकला आणि एक बटन दाबलं. चक्र फिरलं, थांबलं, आणि समोर पापण्या दिसू लागल्या. कपाळ स्वच्छ, ओठ थोडे उघडे, आत दात. मी बघतच राहिले. जुन्यात मला हे दिवसभर बसूनही जमलं नसतं.

"घेतलंच समज," हे म्हणाले आणि त्यांनी बाईला आत बोलावलं.

ती वाकून बघत राहिली. "ही कोन हाय?"

"तुमची आई की," हे म्हणाले.

"नाय बा. माझ्या मायच्या कपाळावर गोंदण व्हतं. अन् दात तर कवाच पडले व्हते. पावणे म्हनतील, कोनाच्या फोटूला हार घातला?"

ती बाहेर बाकावर जाऊन बसली. नव्या सॉफ्टवेअरनं गोंदण डाग समजून पुसलं होतं. मला नवल वाटलं. अजून काय काय पुसतं म्हणून मी सकाळीच काढलेला एका बाळाचा फोटो टाकला. गालावरची काजळाची तीट गेली. माझा टाकला, तर हनवटीवरचा विळ्याचा व्रण गेला. मी विळ्यावर कधी पडलेच नव्हते, असा चेहरा.

मूळ फोटोत गोंदणाच्या जागी नुसती काळपट सावली होती. विचारल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मी पडदा सारून बाहेर गेले.

"मावशी, गोंदण कसं व्हतं?"

तिनं बोट उचललं आणि माझ्याच कपाळावर, भुवयांच्या मधोमध टेकवलं. "हितं तीन ठिपके. त्रिकोनात. अन् एक खाली हनवटीला."

आत येऊन मी नव्यातला चेहरा जुन्यात आणला. ओठ मिटवले. माझ्या ओळखीच्या ब्रशनं ठिपके दिले, हिरवट, कडा जरा फुटलेल्या, जुन्या गोंदणाच्या असतात तशा. कपाळावर तिचं बोट टेकलं होतं ती जागा मला अजून कळत होती.

"नवं घ्या," मी ह्यांना म्हणाले. "पन जुनं काढू नका."

"दोन सवती एका घरात नांदतील व्हय?"

"नांदतील. मी हाय ना."

ह्यांनी फोटो छापून बाईच्या हातात दिला. तिनं बघितला आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढून घेतला, मोठं माणूस समोर आल्यावर ओढतात तसा.

पाडव्याच्या आत ह्यांनी पैसे भरले. आता रोज दोन्हींवर काम चालतं. मला फक्त एक कळत नाही. त्या म्हातारीच्या तोंडात नव्या सॉफ्टवेअरनं जे दात बसवले, ते त्यानं कुणाचे आणले असतील?