खाडीत गळलेलं जोडवं

कुडाळकडच्या भातशेतीतून लग्न होऊन मी देवबागला आले, ती साठ सालाच्या आसपासची गोष्ट. खाडीतले तिसरे पायाने शोधायचे असतात हे ऐकून मला हसूच आलं. शिंपले ते, हाताने काढावेत! पण ओहोटीलाही पाणी कमरेला लागतं, तिथे हात कुठवर पोचणार? सासूबाईंनी एकच गोष्ट शिकवली, "पाय गप ठेवू नको गो. हालवत रव."

खरंच होतं. पाय एका जागी ठेवला की थोड्या वेळाने वाळू, दगड, शिंपला सगळं सारखंच लागायचं. जरा चाळवला की तिसऱ्याची कड लगेच कळायची. चारआठ दिवसांत मी पटाईत झाले. हे मीच सांगते, कारण दुसरं कोणी सांगणार नव्हतं.

जोडव्यांचंही तसंच. लग्नात घातली तेव्हा पावलागणिक रुतायची. पुढे पुढे ती बोटात आहेत हेसुद्धा जाणवेना. म्हणून तर त्या दिवशी टोपली भरून काठावर आल्यावरच दिसलं, डाव्या पायातलं जोडवं नाही. कधी गळलं, देव जाणे.

नवरा शिडाच्या मचव्यावर, मुंबईच्या वाटेला, आणि वाऱ्याचा जोर वाढलेला. सासरे त्याच दर्यात बुडून गेलेले. काठावरच्या सासूबाईंची नजर माझ्या पायावर खिळली. आता ही बाई मला पांढऱ्या पायाची ठरवणार, असं मी धरूनच चालले.

पण रडत बसणारी मी नव्हे. तशीच पाण्यात परत शिरले आणि भरती लागायच्या आत तळवा वाळूवर फिरवत राहिले. शिंपले, खडे, पुन्हा शिंपले. शेवटी अंगठ्याखाली काहीतरी गोल, गुळगुळीत लागलं. बोटांच्या चिमटीत धरून वर काढलं. मान वर करते तर सासूबाईही माझ्या शेजारी पाण्यात, पाय फिरवत, तोंडाने देवाचं नाव घेत.

मी ऐटीत जोडवं त्यांच्यापुढे धरलं. "गळला तेव्हा माका कळलाच नाय," म्हटलं.

काठावर बसवून त्यांनी ते माझ्या बोटात चढवलं, दाबून घट्ट केलं. हात काही लवकर काढला नाही.

"आसलेला कळना नाय गो," त्या म्हणाल्या. "माझी कधीच काढून घेतल्यानी. ती अजून चालताना रुततत."